लोखंडी गर्डरवर लाकूड पकडायचा सेल्फ ड्रिलिंग स्क्रू: टोक, पंख आणि लांबी कशी ठरवायची?

रंधा (धागाकर्ता)

पोटमाळा, गच्चीवरचा डेक, दुकानातला मेझनिन, सगळीकडे आता खाली लोखंड आणि वर लाकूड. हे दोन्ही एकमेकांना धरून ठेवणारा सेल्फ ड्रिलिंग स्क्रू (स्वतःच लोखंडात भोक पाडणारा, बाजारात 'टेक स्क्रू') मात्र शेवटच्या दिवशी, समोरच्या हार्डवेअरमधून, 'दोन इंची टेक स्क्रू द्या' म्हणून आणला जातो. मिळतो तो पत्र्याच्या शेडचा. मग टोकं जळतात, डोकी उडतात, आणि सहा महिन्यांनी माळ्यावरून चालताना प्लाय कुरकुरायला लागतो.

चर्चा हवेत जाऊ नये म्हणून एक नमुना घेऊ. १६ फूट × १२ फूट माळा. आडवे चॅनल आयएसएमसी १०० (१०० मिमी उंचीचा सी-आकाराचा चॅनल), दर दोन फुटांवर. प्लायचे लांब सांधे टेकायला मधे ५० × ५० चा चौकोनी पाइप, २ मिमी जाडीचा. पुढच्या कडेला आयएसएमबी २०० गर्डर (२०० मिमी उंचीचा आय-आकाराचा बीम), त्यावर कठड्यासाठी ५० मिमी जाड सागवानी पट्टी. वर १८ मिमी प्लाय.

एकाच माळ्यावर तीन जातीचं लोखंड आहे, त्यामुळे स्क्रूही तीन लागतील. माझं म्हणणं एवढंच की स्क्रू आधी लोखंडाच्या जाडीवरून ठरवा. लाकडाची जाडी फक्त लांबी ठरवते. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं होतं.

जाणकारांनी भर घालावी.

---

आटेपाना

पूर्ण सहमत. टोकाच्या नंबरापासून सुरुवात करतो, कारण खोक्यावर तो बारीक अक्षरात असतो आणि कुणी वाचत नाही.

स्क्रूचा नंबर म्हणजे जाडी: ८ नंबर ४.२ मिमी, १० नंबर ४.८, १२ नंबर ५.५, १४ नंबर ६.३ मिमी. टोकाचा नंबर वेगळा. बाजारात सर्रास मिळतं ते ३ नंबर टोक. त्याची झेप ४.८ च्या स्क्रूला साधारण १.७५ ते ४.४ मिमी लोखंड, ५.५ ला सव्वापाचपर्यंत, ६.३ ला ६ मिमीपर्यंत. ५ नंबर टोक लांबुळकं असतं, ते साडेबारा मिमीपर्यंत जातं. मधलं ४ नंबर सव्वासहाच्या आसपास थांबतं.

ही मर्यादा येते कुठून? टोकाला ड्रिलसारखी खाच असते. चूर त्या खाचेतून बाहेर पडतो. लोखंड खाचेपेक्षा जाड असेल तर खाच पूर्ण आत बुडते, चूर अडकतो, टोक तापून निळं पडतं आणि संपतं. दुसरं, भोक आरपार व्हायच्या आधीच आटे लोखंडाला भिडतात. एका फेऱ्यात आटे मिलीमीटर-दीड मिलीमीटर पुढे जायला बघतात, टोक मात्र त्याच्या कितीतरी कमी कापतं. ही ओढाताण झाली की स्क्रू मानेत तुटतो.

म्हणून जाड लोखंडाला बारीक आटे (इंचाला २४) आणि पातळ लोखंडाला मोठे आटे (इंचाला १४ किंवा १६). जाड लोखंडात मोठे आटे घातले तर मशीनला जोर पुरत नाही. पातळ पाइपात बारीक आटे घातले तर थोडं जास्त आवळलं की आटे सोलून निघतात.

---

कोपरापट्टी

माहिती उत्तम. पंखवाल्या स्क्रूबद्दल कुणी सविस्तर सांगेल का? लाकडाला पंखवालाच घ्या असं सगळे म्हणतात. वरच्या नमुन्यात तिन्ही ठिकाणी पंखवाला चालेल का?

---

रंधा

@कोपरापट्टी, तिन्हीपैकी एकाही ठिकाणी मी डोळे मिटून पंखवाला घेणार नाही. का ते सांगतो.

आधी पंखांचं काम. टोकाच्या वर दोन बाजूंना छोटे कान असतात. लाकडातून जाताना ते आट्यांपेक्षा मोठं भोक कोरत जातात, त्यामुळे आटे लाकडाला पकडत नाहीत. लोखंडाला टेकले की कान तुटून पडतात आणि आटे फक्त लोखंडात बसतात. कान नसतील तर आटे लाकडात रुततात. टोक लोखंड कापत थांबलेलं असतं, लाकूड मात्र आट्यांवर वर चढत जातं. फळी लोखंडापासून दोन-तीन मिमी उचलली जाते आणि नंतर कितीही आवळा, खाली बसत नाही, कारण आता दोन्हीकडे आटे पक्के झालेले असतात. माळ्याची कुरकुर बहुतेक वेळा याचीच असते.

आता अडचणी.

२ मिमीचा पाइप: कान तुटायला समोर भक्कम लोखंड लागतं, साधारण ३ मिमी किंवा जास्त. पातळ पाइपावर कान तुटत नाहीत, पाइपालाच मोठं भोक पाडून आत जातात. मग आट्यांना धरायला काही उरत नाही आणि स्क्रू नुसता गरगर फिरतो.

जुनं सागवान, साल, ऐन: कठीण लाकडात कान लोखंडापर्यंत पोचायच्या आधीच मोडतात. ५० मिमी पट्टीत तर हे हमखास. वरून काहीच कळत नाही. पट्टी उचलली गेली की कळतं.

चॅनल आणि गर्डर: पंखवाले स्क्रू ५ नंबर टोकात निघतात, पण आपल्याकडच्या दुकानात ठेवलेले असतात ते बहुतेक ३ नंबर टोकाचे. ते तिथे पुरत नाहीत.

यावर साधा उपाय म्हणजे लाकडाला आधीच सैल भोक पाडून घेणं. ४.८ च्या स्क्रूला ५ ते ५.५ मिमी, ५.५ च्या स्क्रूला ६ मिमी, ६.३ ला ७ मिमी. मग बिनपंखाचा स्क्रू चालतो. वेळ लागतो, पण भरवशाचं काम होतं. पंखवाला स्क्रू खरा शोभतो तो २० ते ४० मिमी जाडीच्या मऊ लाकडाला, म्हणजे पाइन किंवा सिल्व्हर ओक, आणि खाली ३ ते ५ मिमी लोखंड असताना.

---

गर्डरवाला

आयएसएमसी १०० च्या बाबतीत एक गोष्ट कुणीच लक्षात घेत नाही: त्याची फ्लँज (आडवी पट्टी) सगळीकडे सारख्या जाडीची नसते.

तक्त्यात साडेसात मिमी लिहिलेलं असतं. ती फ्लँजच्या मध्यावरची जाडी. आतली बाजू ६ अंशांनी उतरती असते. कडेला मोजाल तर जेमतेम ५ मिमी, आणि वेबजवळ (उभ्या पट्टीजवळ) ९.९ च्या घरात. फॅब्रिकेटर व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावतो ते कडेला, कारण तिथेच जबडा बसतो. म्हणतो '५ मिमी आहे', आणि ३ नंबर टोकाचे स्क्रू येतात.

आता प्लायचा सांधा चॅनलवर आणा. फ्लँज ५० मिमी रुंद. दोन प्लायना प्रत्येकी २४ मिमी टेकण, मधे २ मिमी फट. स्क्रू प्लायच्या कडेपासून साधारण १२ मिमी आत. म्हणजे एक रांग फ्लँजच्या कडेपासून १२-१३ मिमीवर येते, तिथे जाडी सुमारे ६.५. दुसरी रांग ३७-३८ मिमीवर, तिथे ९ मिमी. एकाच सांध्यावर, इंचभर अंतरावर, एक रांग कशीबशी जाते आणि दुसरी टोकं जाळते. कारागीर म्हणतो स्क्रूचा लॉट खराब आहे. लॉटचा काही दोष नसतो.

दोन्ही रांगांना ५ नंबर टोकच हवं. ४ नंबर पहिल्या रांगेलाही काठावर अपुरं पडेल, दुसरीला तर नाहीच.

आयएसएमबी २०० ला हाच प्रकार जास्त तीव्र आहे, कारण तिथे उतार ८ अंशांचा. तक्त्यात १०.८ मिमी, प्रत्यक्षात कडेला साडेसात, वेबजवळ १४. कडेपासून २५ मिमीवर ११ मिमी मिळतात, ५ नंबर टोकाच्या आवाक्यात. ३५ मिमीहून आत गेलात की आवाक्याबाहेर.

आणि गर्डरच्या मध्यरेषेवर कधीच स्क्रू मारू नका. खाली वेब उभा आहे. टोक तो अख्खा उभा कापत बसेल. पट्टी मधोमध ठेवून मधोमध स्क्रू मारणं ही फार वेळा दिसणारी चूक आहे. डावी-उजवी अशी आलटून पालटून, दोन्ही कडांपासून २५ मिमीवर मारा.

---

ओळंबा

@गर्डरवाला, फार मोलाचा मुद्दा. एक शंका: फ्लँजला इतकी भोकं पाडल्यावर गर्डर कमकुवत नाही का होत?

---

गर्डरवाला

@ओळंबा, साध्या टेकलेल्या गर्डरची वरची फ्लँज मधल्या भागात दाबात असते आणि भोकात स्क्रू भरलेला असतो, तिथे चिंता नाही. ताणातल्या फ्लँजबद्दल आयएस ८०० मध्ये (पोलादी बांधकामाचं भारतीय मानक) मर्यादा आहे. २५० एमपीए ताकदीच्या साध्या लोखंडाला हिशेब केला तर फ्लँजचं साधारण ७७ टक्के क्षेत्र शाबूत राहिलं की भोकं दुर्लक्षिता येतात. १०० मिमी फ्लँजमध्ये एका रेषेत ६.३ ची दोन भोकं म्हणजे साडेबारा टक्क्यांच्या आसपास. आलटून पालटून मारली तर एका रेषेत एकच येतं. पण गर्डर भिंतीतून बाहेर निघालेला असेल, म्हणजे बाल्कनीसारखा, तर वरची फ्लँज ताणात असते. तिथे भिंतीजवळच्या भागात एका रेषेत दोन भोकं येऊ देऊ नका, आणि स्ट्रक्चरल इंजिनीयरला विचारल्याशिवाय हात लावू नका.

---

आटेपाना

आता लांबी. हिशेब असा: लाकूड + लोखंड + टोकाची लांबी + बाहेर निघणारे किमान तीन पूर्ण आटे. टोकाची लांबी लोक विसरतात. तिला आटे नसतात, म्हणजे ती पकडीत धरायचीच नाही.

चॅनल: प्लाय १८, लोखंड जास्तीत जास्त ९, पाच नंबर टोक सुमारे १६, आटे ३. बेरीज ४६. म्हणजे ५.५ × ५० चा स्क्रू.

पाइप: प्लाय १८, लोखंड २, तीन नंबर टोक ७-८, मोठे तीन आटे ५. बेरीज ३३. म्हणजे ४.८ × ३८, बिनपंखाचा, प्लायला आधी सैल भोक.

काउंटरसंक डोक्याची (लाकडात सपाट बुडणाऱ्या) लांबी डोक्यासकट मोजतात, षटकोनी डोक्याची डोक्याखालून. हा फरक ऑर्डर देताना लक्षात ठेवा.

एक व्यावहारिक अडचण आहे. ५ नंबर टोकाचे स्क्रू बहुतांश षटकोनी डोक्याचे मिळतात, आणि ते चालायच्या जमिनीवर वर राहून चालत नाहीत. काउंटरसंक डोक्याचे फास्टनरच्या घाऊक दुकानात मागवावे लागतात. ते मिळेनात तर मी चॅनलवर सरळ एम ६ चे काउंटरसंक मशीन स्क्रू वापरा म्हणेन. ५ मिमी एचएसएस बिटने प्लाय आणि चॅनल एकदम आरपार, एम ६ चा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार), मग प्लायचं भोक ६.५ करून स्क्रू. साडेसहा मिमी फ्लँजमध्येही सहा आटे पूर्ण बसतात. उद्या प्लाय काढून पुन्हा बसवायचा असेल तर हाच उत्तम मार्ग.

---

वासापाटी

@आटेपाना, टॅपिंगशी असहमत. तंत्र म्हणून बरोबर आहे, पण माळ्यावर वाकून दीडशे-दोनशे भोकांना टॅप मारायचा म्हणजे दिवस जातो, आणि टॅप तिरका गेला की तुटून भोकातच राहतो. तो काढणं स्क्रू तुटण्यापेक्षा वाईट. ५ नंबर काउंटरसंक दोन-तीन दिवस थांबून मागवा. खरंच टॅप करायचं असेल तर मशीन टॅप आणि कटिंग ऑइल घ्या, हातटॅप नको.

मशीनबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. निम्मी टोकं चुकीच्या वेगाने जळतात. ४.८ पर्यंतच्या स्क्रूला २५०० आरपीएमपर्यंत चालतं, ५.५ आणि ६.३ ला १८०० च्या आत, आणि ५ नंबर टोकाला १००० च्या आसपासच. वेग कमी, दाब जास्त. २५ ते ३५ किलोचा सरळ भार टोकावर यायला हवा. हाताने ढकलून एवढा येत नाही, शरीराचा भार द्यावा लागतो. जमिनीवर वरून मारताना हे सोपं. गर्डरच्या खालच्या बाजूला लाकूड लावायचं असेल तर डोक्यावर हात करून एवढा दाब देता येत नाही. तिथे सेल्फ ड्रिलिंगचा हट्ट सोडा आणि आधी भोक पाडून बोल्ट घ्या.

इंपॅक्ट ड्रायव्हर वापरू नका. ठोक्यांनी ५ नंबरचं लांब टोक तडकतं आणि शेवटी डोकं उडतं. क्लच असलेलं ड्रिल घ्या.

---

कोपरापट्टी

तुटलेला किंवा फसलेला स्क्रू बघून कारण कसं ओळखायचं? साइटवर कारागिराला दाखवता येईल असं काही?

---

आटेपाना

टोक निळं आणि बोथट, लोखंडावर नुसता चकचकीत खड्डा: वेग जास्त, दाब कमी. त्याच जागी दुसरा स्क्रू मारू नका, तापलेला खड्डा कडक झालेला असतो. १५-२० मिमी सरका.

आटे लोखंडात एक-दोन फेरे गेलेत आणि स्क्रू मधेच तुटला: लोखंड टोकाच्या आवाक्यापेक्षा जाड.

डोकं उडालं, खालचा भाग शाबूत: जास्त आवळलं, किंवा इंपॅक्ट वापरला.

स्क्रू बसला पण फळी आणि लोखंड यांत पोस्टकार्ड जातं: फळी आट्यांवर चढलेली आहे. काढा, लाकडाचं भोक सैल करा, त्याच जागी परत बसवा. भोक आयतं असल्यामुळे या वेळी त्रास होत नाही.

बसवताना सगळं ठीक, आणि दोन-चार दिवसांनी कुणी हातही न लावता डोकं निसटून पडलं: हे वेगळं प्रकरण. कडक केलेल्या स्क्रूवर विजेने झिंक चढवताना हायड्रोजन पोलादात शिरतो. नंतर नीट भाजून तो काढला नाही तर ताणाखाली स्क्रू उशिरा तुटतो. असं एकाच खोक्यातल्या दोन-तीन स्क्रूंना झालं तर पूर्ण खोकं परत करा, आणि आधी बसवलेलेही बदला.

---

माडबन

कोकण-गोव्याच्या बाजूचा मुद्दा. उघड्या डेकला साधा झिंकचा स्क्रू टिकत नाही. खारी हवा एकीकडे आणि ओलं लाकूड दुसरीकडे. सागवान-ऐनासारख्या लाकडातलं टॅनिन ओल असताना लोखंडाला खातं आणि काळे डाग पाडतं. तांबं असलेल्या रसायनाने प्रक्रिया केलेलं लाकूड असेल तर झिंकचा थर आणखी लवकर जातो.

मग लोक 'स्टेनलेस' मागतात. ३०४ चा स्क्रू (३०४, ३१६, ४१० या स्टेनलेसच्या जाती) स्वतः लोखंड कापू शकत नाही, तो तेवढा कडक होत नाही. दुकानात जो स्टेनलेस सेल्फ ड्रिलिंग मिळतो तो बहुधा ४१० चा असतो. तो कापतो, पण किनाऱ्यावर गंजतो. लोहचुंबक लावून बघा: ४१० चटकन चिकटतो, ३०४ जवळपास नाही. किनाऱ्यावर दोनच पर्याय खरे. एक, बायमेटल स्क्रू, म्हणजे अंग ३०४ चं आणि टोक साध्या कडक पोलादाचं. महाग आहे. दुसरा, आधी भोक पाडून ३०४ किंवा ३१६ चे बोल्ट.

दोन्हींत लाकूड आणि लोखंड यांच्यामध्ये ईपीडीएम रबराची किंवा बिटुमेनची (डांबराची) पट्टी घाला. चूर त्याच दिवशी ब्रशने काढा. रात्रभर दवात राहिला तर रंगावर गंजाचे ठिपके उमटतात. फ्लँजखाली निघालेल्या टोकांना झिंक रिच प्रायमरचा हात द्या, कारण तिथला रंग स्क्रूने फोडलेला असतो.

आणि फळ्यांची रुंदी. पावसाळ्यात फळी आडवी फुगते, उन्हाळ्यात आकसते. फळीत दोन स्क्रू पक्के असतील तर ही सगळी हालचाल स्क्रूच्या अंगावर येते. कडक स्क्रू वाकत नाही, पुन्हा पुन्हा मागेपुढे होऊन तुटतो. १०० मिमीपेक्षा रुंद फळी डेकला घेऊ नका, लाकडातलं भोक सैल ठेवा, आणि जाडी १४ नंबरची घ्या.

---

ओळंबा

नमुन्यातल्या माळ्याला स्क्रू किती लागतील, याचा अंदाज कुणी देईल का?

---

रंधा

१६ × १२ ला ८ × ४ चे सहा प्लाय. कडांना दर १५० मिमीवर आणि मधल्या चॅनलवर दर ३०० मिमीवर स्क्रू धरू.

एका प्लायचा घेर ७३२० मिमी, म्हणजे कडांना ४९. मधे तीन चॅनल, प्रत्येकी ३, म्हणजे ९. एकूण ५८. यातले लांब कडांवरचे साधारण २८ बहुतेक पाइपावर येतात, बाकी ३० चॅनलवर. सहा प्लायना पाइपाचे १६८ आणि चॅनलचे १८०.

पाइपाचे २०० घ्या. चॅनलचे ५ नंबर टोकवाले २२५ घ्या, कारण जाड लोखंडात टोकं जास्त वाया जातात. प्लाय टाकण्याआधी चॅनल आणि पाइप एकमेकांना मिळतात तिथे खुणा करून ठेवा, म्हणजे ४.८ चा स्क्रू चुकून चॅनलवर जाणार नाही.

राहिली कठड्याची पट्टी. ५० मिमी सागवान, खाली ११ मिमी लोखंड, टोक १६, आटे ३, बेरीज ८०. म्हणजे ८५ मिमीचा, १२ नंबरचा, ५ नंबर टोक, लाकडाला ६ मिमी सैल भोक. जमतं. पण कठड्यावर माणूस रेलतो, आडवा धक्का येतो, तिथे मला स्क्रू नको वाटतो.

---

गर्डरवाला

कठड्याच्या पट्टीला खालून कोच स्क्रू (षटकोनी डोक्याचा जाड लाकडी स्क्रू) लावावा असं मी सुचवेन. गर्डर चढवण्याआधी जमिनीवरच फ्लँजला ९ मिमीची भोकं, ६०० मिमीवर, आलटून पालटून, कडेपासून २५ मिमीवर. गर्डर बसला, रंग झाला की पट्टी वर ठेवून खालून ८ × ५० चे कोच स्क्रू, वॉशरसह. उतरत्या फ्लँजला साधा वॉशर एका बाजूनेच टेकतो, म्हणून टेपर (उतरत्या जाडीचा) वॉशर घ्या. आयएसएमबीला ८ अंशांचा, चॅनलचा ६ अंशांचा इथे नको. सागवानाला आधी साडेपाच मिमीचं भोक, ४० मिमी खोल, नाहीतर कोच स्क्रू पट्टी चिरतो.

५० मिमी स्क्रूपैकी ११ मिमी फ्लँजमध्ये, ४-५ मिमी वॉशरमध्ये, उरलेले ३४-३५ लाकडात. पट्टीचा वरचा भाग अखंड राहतो, डोकं-खड्डा काही नाही. कठड्याचे खांब मात्र या पट्टीवर उभे करू नका. खांबाची प्लेट थेट गर्डरला बोल्ट किंवा वेल्ड करायची, आणि पट्टी खांबांच्या मधे तुकड्यांत बसवायची.

---

कोपरापट्टी

टेपर वॉशर ६ आणि ८ अंशांचे वेगळे मिळतात का, की एकच येतो?

---

गर्डरवाला

वेगळे मिळतात, सांगून घ्यावे लागतात. दुकानदाराला अंश सांगण्यापेक्षा 'आय-बीमचा' आणि 'चॅनलचा' असं सांगा, चटकन कळतं. ८ मिमीचे सहज मिळाले नाहीत तर १० मिमीचे घेऊन वर साधा वॉशर टाका, आणि कोच स्क्रू ६० मिमीचा घ्या; लाकडातलं भोकही मग ४५ मिमी खोल लागेल. पट्टी ५० मिमी आहे, त्याहून खोल गेलात तर बिट वरून बाहेर येईल.